धेंपो क्लब खरंच एवढा मोठा होता का? जाणकारांनी सांगा

बालेवाडी_ब्लॉक
मी फुटबॉल बघायला लागलो आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यावर, त्यामुळे माझ्यासाठी गोवा म्हणजे एफसी गोवा. परवा ऑफिसमधला एक सीनियर म्हणाला की धेंपोसमोर हे सगळे अजून लहान आहेत, धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकलीय. मला वाटलं मोठमोठ्या गप्पा मारतोय, पण शोधलं तर पाच हा आकडा खरा निघाला. मग असा क्लब एकदम गायब कसा झाला? आणि एफसी गोवा म्हणजेच जुना धेंपो असं काही आहे का? ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

फोंडेकार
एफसी गोवा आणि धेंपो वेगळे, हे आधी क्लिअर करतो. २०१४ ला एफसी गोवा सुरू झाला तेव्हा मालकांमध्ये श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर होते म्हणून लोकांची गल्लत होते, पण टीम वेगळी, इतिहास वेगळा.

आता पाचाचा हिशोब. नॅशनल फुटबॉल लीग २००४-०५ आणि २००६-०७, मग तिचं नाव आय-लीग झालं ती २००७-०८, २००९-१०, २०११-१२. पाचही वेळा कोच एकच, आर्मांदो कुलासो, आपला गोंयकार माणूस. मोहन बागानचेही त्या दोन्ही लीग मिळून पाचच होतात, म्हणजे ज्यांना शंभरपेक्षा जास्त वर्षांचा इतिहास आणि अख्खं कोलकाता पाठीशी त्यांच्या बरोबरीला हा क्लब जाऊन बसला. पहिली आय-लीग तर आठवतेय मला, धेंपो आणि चर्चिल दोघांचे पॉइंट सेम, म्हणजे भारताचा चॅम्पियन कोण हे गोव्याच्या दोन क्लबांमध्ये ठरत होतं! आणि हे एका वर्षाचं नाही, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा आय-लीग गोव्यात आल्या, तीन धेंपो, दोन चर्चिल, एक साळगावकर. त्या वेळी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर डर्बी, म्हणजे गोव्याच्याच दोन क्लबांची मॅच, असली की सासष्टीत दुसरा विषयच नसायचा.

टीम बघ ना, मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मधे क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, आणि पुढे बेटो पास काढणार नी रँटी मार्टिन्स गोल मारणार. २०११-१२ ला रँटीने एका सीझनमध्ये ३२ गोल मारले, बत्तीस! सुनील छेत्रीसुद्धा अमेरिकेला कॅन्सस सिटीला गेला त्याआधी धेंपोतच होता. २००८ ला एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलला गेले, त्याआधी भारतातला कुठलाच क्लब तिथपर्यंत गेला नव्हता, लेबनॉनच्या सफाकडून हरले ते मला अजून टोचतं.

कूपरेज_कट्टा
वरच्यांनी एक गोष्ट लिहिली नाही, मला वाटतं ती लिहायलाच हवी. ५ डिसेंबर २००४, बंगळूरला फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. धेंपो २-० जिंकले, दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना त्याची गोलकीपरशी टक्कर झाली, तो खाली पडला आणि परत उठलाच नाही, हॉस्पिटलमध्ये नेलं पण गेला होता. क्लबने त्याची १० नंबरची जर्सी कायमची बंद केली. आणि त्याच सीझनला त्यांनी आपली पहिली नॅशनल लीग जिंकली. तेव्हा मैदानावर डॉक्टर, अ‍ॅम्ब्युलन्स, तातडीचे उपचार यावर देशात पहिल्यांदा जोरात बोललं गेलं. धेंपोचं नाव काढलं की मला ट्रॉफीच्या आधी तो माणूस आठवतो.

बाकी मी मुंबईचा, आमचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला चॅम्पियन झाला, म्हणजे धेंपोच्या दोन लीगच्या बरोबर मधे, आणि २०१० ला कंपनीने टीमच बंद केली. धेंपो निदान जिवंत राहिला.

बालेवाडी_ब्लॉक
क्रिस्तियानोचं काहीच माहीत नव्हतं, वाचून सुन्न झालो. पण मग २०१२ नंतर झालं काय?

म्हापसा_मिडफिल्ड
दोन गोष्टी झाल्या, आणि लोक त्या एकत्र करतात. एक तर टीम उतरली. रँटी गेला, जुने खेळाडू थकले, कुलासो ईस्ट बंगालला गेले आणि २०१४-१५ ला धेंपो चक्क रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या डिव्हिजनला गेले. ते मैदानावरचं, त्याला कोणाला दोष देता येत नाही. पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आले, गोष्ट तिथे संपायला हवी होती.

दुसरी गोष्ट २०१६ ची. फेडरेशनचा प्लॅन आला की आयएसएल वरची लीग, आय-लीग खालची, आणि खालून वर जायला रस्ता नाही. म्हणजे लीग जिंका नाहीतर काही करा, तुम्ही खालीच. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता. वर जाण्याची दारं शेवटी २०२३ ला उघडली, पंजाब एफसी आय-लीगमधून आयएसएलमध्ये गेलं तेव्हा, म्हणजे सात वर्षं! तेवढ्यात गोव्यातल्या पोरांची एक पिढी फक्त गोवा प्रो लीग खेळत बसली.

फोंडेकार
निषेध बरोबर होता, पण सोडून जाणं मला नाही पटलं रे. चर्चिल परत येऊन खेळले ना? आत राहून भांडले असते तर पोरांना निदान देशभर मॅचेस मिळाल्या असत्या. क्लबचा राग समजतो पण भोगलं खेळाडूंनी.

म्हापसा_मिडफिल्ड
@फोंडेकार हे मान्य, खेळाडूंचं नुकसान झालंच. पण पाच वेळा चॅम्पियन झालेल्या क्लबाला तुम्ही कायम खालीच राहा असं सांगितल्यावर तो दर वर्षी कोट्यवधी का घालेल? तरी करमळीची अ‍ॅकॅडमी त्यांनी बंद केली नाही, हे धर ना.

@बालेवाडी_ब्लॉक आणि गायब वगैरे नाही हां, २०२४-२५ ला धेंपो आय-लीगमध्ये परत आले, कोच कोण तर समीर नाईक, तोच आपला डिफेंडर. गोव्याला आलास तर बीचवर जायच्या आधी फिक्स्चर बघ.