तीन प्रोजेक्टर, वाकलेली भिंत: कॅमेरा कॅलिब्रेशन करूनही रूळ डबल दिसतायत

चरईकर
नमस्कार मंडळी, ठाण्यात चरईला आमच्या मंडळाचा देखावा उभा करतोय, विषय 1853 ची बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. आतल्या बाजूला वाकवलेली प्लायची भिंत केलीय, मॅट पांढरा रंग मारलाय आणि तीन फुल एचडी डीएलपी प्रोजेक्टर वर ट्रसला लटकवलेत, शेजारशेजारच्या चित्रांत साधारण 20 टक्के ओव्हरलॅप. समोर ट्रायपॉडवर फुल एचडी वेबकॅम. सॉफ्टवेअर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे पॅटर्न टाकतं, कॅमेरा बघतो आणि वॉर्प, म्हणजे भिंतीच्या वाकाप्रमाणे चित्र कुठे किती ताणायचं त्याचा नकाशा, आपोआप तयार होतो. इथवर ठीक. पण गाडी एका प्रोजेक्टरवरून दुसऱ्यावर जाते ना, तिथे दोन रुळांचे चार होतात, जवळ जाऊन बघितलं तर दोनेक पिक्सेलचा फरक. वर ओव्हरलॅपच्या मधोमध उभा काळसर पट्टा, आणि रात्रीच्या सीनला बरोबर उलटं, तिथेच राखाडी पट्टा उठून दिसतो. कधीकधी तर पॅटर्न सापडला नाही म्हणून कॅलिब्रेशन अर्ध्यातच थांबतं. सॉफ्टवेअरमधली चित्र ताणायची जाळी हाताने ओढून जुळवता येईल हो, पण गणपतीत रोज संध्याकाळी कोण ओढत बसणार? वेबकॅम बदलू की सॉफ्टवेअर?

ऐरोलीवाला
सॉफ्टवेअरला हात लावू नका दादा. आधी कॅमेऱ्याचं ऑटो म्हणून जे जे असेल ते बंद करा, एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं. प्रत्येक पट्टीचा फोटो तिच्या उलट्या पट्टीशी ताडून बघितला जातो, दोन फोटोंच्या मध्ये कॅमेऱ्याने स्वतःहून उजेड कमीजास्त केला की संपलं, कुठला पिक्सेल काळा आणि कुठला पांढरा हेच कळत नाही. तुमचं कॅलिब्रेशन अर्ध्यात थांबतं ते बहुतेक ह्याच्यामुळे.
दुसरं, प्रोजेक्टर डीएलपी आहेत म्हणजे आत कलर व्हील, रंग एकामागून एक टाकणारी चकती, फिरत असणार. शटर फास्ट ठेवलं तर फोटोत रंगाचे पट्टे येतात. प्रोजेक्टर 60 हर्ट्झवर असतील तर एक्स्पोजर 1/20 सेकंद ठेवा, पूर्ण तीन फ्रेम त्यात बसतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झ, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, 1/20 मध्ये त्याचेही पूर्ण पाच फेरे बसतात. तरी मांडवातले लाइट बंद करता आले तर सोन्याहून पिवळं. आणि प्रोजेक्टरमधलं कीस्टोन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड बंद आहे ना बघा. कीस्टोन चालू असलं की प्रोजेक्टर चित्र आधी स्वतःच ताणतो आणि बारीक पट्ट्या तिथेच फिसकटतात.

लेन्सवाली_नेरूळ
वरचं सगळं बरोबर आहे पण दोन पिक्सेलचा फरक त्याने जाणार नाही, तो कुठून येतोय ते हिशेबातच दिसतं. तीन वेळा 1920 म्हणजे 5760, त्यातून दोन ओव्हरलॅपचे 384 आणि 384 वजा केले की 4992 पिक्सेल रुंद चित्र. कॅमेरा अख्खा 1920. म्हणजे कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये प्रोजेक्टरचे अडीचहून जास्त पिक्सेल कोंबलेत, आणि तेही भिंत फ्रेममध्ये काठोकाठ बसवली असेल तर. तुमचं सॉफ्टवेअर टाकतं त्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या बहुतेक ग्रे कोडच्या, प्रत्येक पॅटर्नला पट्टी आणखी बारीक होत जाते. ग्रे कोडमध्ये 1920 रुंदीला 11 पॅटर्न लागतात, त्यातल्या शेवटच्याची पट्टी फक्त 2 पिक्सेल रुंद असते, ती तुमच्या वेबकॅमला नुसती करडी धूळ दिसणार. मग सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं आणि रूळ फुटतात.
मंडळात कोणाकडे तरी 24 मेगापिक्सेलचा डीएसएलआर असेलच, त्याची रुंदी साधारण 6000 पिक्सेल, तो मागून घ्या. लेन्स एकदम वाइड नको, आणि तीच लेन्स त्याच झूमवर ठेवून चेसबोर्डचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून डिस्टॉर्शन, म्हणजे लेन्समुळे सरळ रेषा वाकतात ते, आधी काढून टाका, ओपनसीव्ही ह्या सॉफ्टवेअर लायब्ररीत ह्याची तयार सोय आहे. डीएसएलआर नाहीच मिळाला तर शेवटचे एकदोन पॅटर्न सोडून द्या आणि सापडलेल्या पॉइंटवरून गुळगुळीत वक्र बसवा. भिंत गुळगुळीत वाकलीय, त्यामुळे वक्र नीट बसतो, प्रत्येक पिक्सेल वेगळा शोधण्यापेक्षा बरा.
सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग 'फ्लॅट' ठेवलेला नाही ना तेवढं बघा. चार कोपरे जुळवून अख्खं चित्र ताणायचं गणित, त्याला होमोग्राफी म्हणतात, सपाट भिंतीलाच चालतं, वाकलेल्या भिंतीला कोपरे जुळतात आणि मधलं पोट सुटतं.
जाता जाता, अशा मल्टी प्रोजेक्टर डिस्प्लेला कॅमेऱ्याने जुळवायचं जे सुरुवातीचं काम झालं त्यात 1999 चा एक महत्त्वाचा पेपर रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. पोरांना देखाव्याच्या पाटीवर लिहायला सांगा, मला तर वाटतं लिहायलाच हवं.

चरईकर
ताई, पृष्ठभाग 'फ्लॅट'वरच होता! बदलला तर मधलं बरंच जुळलं. डीएसएलआर उद्या येतोय. पट्ट्यांचं काय करू?

ऐरोलीवाला
काळसर पट्टा गॅमाचा, म्हणजे दिलेला आकडा आणि पडणारा उजेड ह्यांचं प्रमाण सरळ नसतं त्याचा. ओव्हरलॅपच्या मधोमध दोघांनी अर्धा अर्धा उजेड द्यायचा, बरोबर? पण अर्धा उजेड म्हणजे 255 चा 128 नाही. गॅमा 2.2 असेल तर 128 ला जेमतेम 22 टक्के उजेड पडतो, दोघांचा मिळून 44, म्हणून तिथे अंधार. अर्ध्या उजेडाला 186 च्या आसपास द्यावं लागतं. ब्लेंडच्या, म्हणजे ओव्हरलॅपमध्ये दोन चित्रं एकमेकांत मिसळायच्या, सेटिंगमध्ये गॅमाचा आकडा असतो तो 2.2 करून बघा, मग एकसारखा राखाडी रंग टाकून पट्टा नाहीसा होईपर्यंत थोडा थोडा हलवा. तिन्ही प्रोजेक्टरचा पिक्चर मोड एकच पाहिजे, 'ब्राइट' किंवा 'डायनॅमिक'मध्ये गॅमा कुठल्या कुठे जातो. प्रोजेक्टरचे दिवे तापेपर्यंत वीसेक मिनिटं थांबा, आधी केलेलं जुळवणं नंतर बदलतं.

लेन्सवाली_नेरूळ
राखाडी पट्टा मात्र ब्लेंडने जात नाही. प्रोजेक्टर काळं दाखवताना पण थोडा उजेड सोडतो, ओव्हरलॅपमध्ये तो दोघांचा पडतो आणि काळ्याहून काळं आपण काही टाकू शकत नाही. उपाय एकच, बाकीच्या भागाचा काळा किंचित वर उचलायचा, ब्लॅक लेव्हल नावाने सेटिंग असतं. कॉन्ट्रास्ट थोडा जातो. माझ्या मते रात्रीचं आकाश गडद निळं करा आणि त्यात इंजिनाचा धूर सोडा, मग ब्लॅक लेव्हल फार उचलावी लागणार नाही.

खारकर_आळी
आमच्या इथला अनुभव सांगतो, ट्रस मांडवाच्या बांबूला बांधू नका. कोणी बांबूला टेकलं तरी वर प्रोजेक्टर हलतो, आणि तुमचा सगळा हिशेब दोन पिक्सेलचा. ट्रसला स्वतःचे पाय द्या. पावसाळी हवेत प्लाय फुगतो म्हणून मागून पण रंग मारा. आणि कॅलिब्रेशन आरतीच्या आधी उरकून घ्या, धुपाच्या धुरात पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट जातो. कॅमेरा त्याच जागी फिक्स ठेवलात तर रोज बटण दाबायचं, बाकी काही नाही.

चरईकर
ट्रस बांबूलाच आहे, आजच सोडवतो. रोज नवीन कॅलिब्रेशन केलं तर ब्लेंडचं सेटिंग उडेल का?

लेन्सवाली_नेरूळ
गॅमा आणि ब्लॅक लेव्हलचे आकडे लिहून ठेवा, ते प्रोजेक्टरचे आहेत, बदलत नाहीत. वॉर्प आणि ओव्हरलॅपचा मास्क, म्हणजे कुठे किती उजेड कमी करायचा तो नकाशा, तेवढा नव्याने निघतो.