मदत हवी आहे: टॅरिफमुळे टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्यात, बँकेत अर्ज कसा करायचा?

सोलापूरला आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, जवळपास सगळा माल अमेरिकेला. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिकडे ५० टक्के टॅरिफ (आयात शुल्क) लागल्यावर बायर म्हणतो निम्मा भार तुम्ही उचला, टॉवेलात एवढं मार्जिन असतं होय! दुबईला सॅम्पल पाठवलेत, उत्तर नाही. १४ नोव्हेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेने एक्सपोर्ट क्रेडिटची (निर्यातीसाठी बँक देते त्या कर्जाची) मुदत ४५० दिवस केली, सप्टेंबर ते डिसेंबरचे हप्ते पुढे ढकलायची सोय दिली, ते घेऊन ब्रँचला दोनदा गेलो तर म्हणतात वरून काही आलं नाही. खातं रेग्युलर आहे, ३१ ऑगस्टला काहीच थकलेलं नव्हतं, पण नवीन तारण द्यायला नाही. कुणी मंजूर करून घेतलंय का, कुठले कागद जोडले, आणि हप्ते पुढे ढकलले तर निर्यातदारांच्या क्रेडिट गॅरंटी स्कीममधलं (सरकारी हमीवर, तारणाशिवाय) वाढीव लोन पण मिळतं का?