कलम ३४ राज्यघटनेत राहावे का? भारत आणि अमेरिका

मूळ मत
१२ जानेवारीला, १९३१ साली याच दिवशी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना अभिवादन करून आल्यावर, हे लिहीत आहे. सोलापूरकराला ‘लष्करी कायदा’ हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी हे शहर लष्कराच्या हवाली केले, तेव्हा गिरणीत कामाला असलेल्या माझ्या आजोबांनी आपली गांधी टोपी ज्वारीच्या कणगीत लपवली होती. ती घालून रस्त्यावर येणे हाच गुन्हा झाला होता. म्हणूनच आपल्या राज्यघटनेतील कलम ३४ मला सलते. लष्करी कायदा लागू असताना सुव्यवस्थेसाठी सरकारी सेवकांनी जे केले त्याबद्दल त्यांना जबाबदारीतून मुक्त करण्याचा, आणि त्या काळात ठोठावलेल्या शिक्षा वैध ठरवण्याचा अधिकार ते संसदेला देते. अमेरिकेच्या घटनेत लष्करी कायद्याचा उल्लेखच नाही. मिलिगन या नागरिकाला लष्करी आयोगाने दिलेली फाशीची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६६ साली अवैध ठरवली आणि नागरी न्यायालये सुरू असताना नागरिकावर लष्कराने खटला चालवू नये, असा दंडक घातला. आपणही कलम ३४ वगळावे.

प्रतिसाद १
आपली भावना समजते, पण तुलना पटत नाही. मिलिगनचा निकाल आला तेव्हा अमेरिकेतले यादवी युद्ध संपले होते. युद्ध चालू असताना काय झाले, हे १९४२ मध्ये दिसले: जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले गेले, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते, आणि त्यांना घरांतून हटवणारा आदेश १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. आपल्याकडेही १९७६ साली जबलपूर खटल्यात, आणीबाणीत डांबलेल्यांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, आणि त्याला विरोध करणारे न्या. खन्ना एकटे पडले, हे खरे. मात्र १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी पुकारण्याचे ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातले, त्यासाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला आणि कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत, अशी तजवीज केली. अमेरिकेत एवढ्या बदलासाठी ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागली असती. शिवाय कलम ३४ लष्करी कायदा पुकारण्याचा अधिकार देत नाही. तो पुकारला गेलाच तर नंतरचा हिशेब निवडून आलेल्या संसदेपुढे आणते.

प्रतिसाद २
दोन्ही न्यायालयांना आपली चूक मान्य करायला किती काळ लागला, तेही पाहावे. जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये रद्दबातल ठरला. १९४४ चा निकाल चुकीचा होता, हे अमेरिकेच्या न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. डांबलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मूळ लेखकाचे उत्तर
४४ व्या दुरुस्तीचे महत्त्व मी मान्य करतो आणि अमेरिकेची घटना सरसकट सरस असल्याचा सूर मागे घेतो. परंतु त्या दुरुस्तीने संरक्षण दिले ते कलम ३५९ खालील, म्हणजे आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याच्या, स्थगितीपासून. कलम ३४ ची सुरुवातच ‘या भागातील पूर्वगामी तरतुदींमध्ये काहीही असले तरी’ अशी आहे, ‘हा भाग’ म्हणजे मूलभूत हक्कांचा, आणि कलम २१ त्याच पूर्वगामी तरतुदींत येते. १९७८ साली या कलमाला कोणी हात लावला नाही. ते वगळणे आपल्याला नको असेल, तर लष्करी अधिकाऱ्याने दिलेली देहदंडाची शिक्षा संसदेलाही वैध ठरवता येणार नाही, एवढा अपवाद त्यात घालण्यास आपली हरकत आहे का?