हवामान संशोधन कार्यशाळा: तीन दिवसांत ४२ टॉक कसे बसवायचे?

ढगवेडी: नमस्कार मंडळी, अतिवृष्टीच्या अंदाजावर तीन दिवसांची कार्यशाळा आहे आणि प्रोग्रामचं काम माझ्या गळ्यात पडलंय. माणसं साधारण ६०, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आलेत ४२. प्रत्येकाला २० मिनिटं दिली तरी १४ तास नुसते टॉकच, मग चर्चा कधी करायची? मी मॉडेल (संगणकावर गणित करून अंदाज), रडार-सॅटेलाइट, डेटा असिमिलेशन (प्रत्यक्ष निरीक्षणं मॉडेलमध्ये मिसळणं) आणि एआय असे चार सेशन पाडलेत, पण बघितलं की वाटतं जो तो आपल्या सेशनपुरता जागा राहणार नि बाकी वेळ लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणार. कोणी असं काही केलंय का?

नाउकास्टवाला: पाडलेत तिथेच घोळ आहे बघा. साधनांवरून सेशन केलं की तीच तीच माणसं एकमेकांना माना डोलवतात. त्यापेक्षा किती वेळ आधीचा अंदाज यावरून पाडा. पहिले सहा तास, मग एक ते तीन दिवस, मग आठवडा-दोन आठवडे. पहिल्या तास-दोन तासांत रडारवरचे ढग नुसते पुढे सरकवून जे मिळतं ते बऱ्याचदा मॉडेलपेक्षा सरस असतं, कारण मॉडेलला स्वतःचा पाऊस जुळवून घ्यायला वेळ लागतो, पण पुढे रडारचा जोर ओसरतो आणि मॉडेल पुढे जातं. ही अदलाबदल नेमकी कधी होते यावर रडारवाले आणि मॉडेलवाले एका खोलीत बसले की चर्चा आपोआप पेटते, सूत्रधारसुद्धा लागत नाही.

स्कोअरकार्ड: +१. आणि व्हेरिफिकेशन, म्हणजे अंदाज किती खरा ठरला ते तपासणं, शेवटच्या दुपारी टाकू नका, प्लीज!! तेव्हा निम्मे लोक बॅगा भरत असतात. पहिल्या सकाळीच घ्या. बारीक ग्रिडच्या (नकाशाचे चौकोन लहान असलेल्या) मॉडेलने पाऊस बरोबर दाखवला पण ३० किमी बाजूला, तर साध्या स्कोअरमध्ये त्याला दोनदा मार बसतो, एकदा जिथे दाखवला तिथे पडला नाही म्हणून आणि एकदा जिथे पडला तिथे दाखवला नाही म्हणून. हे आधी सगळ्यांच्या डोक्यात बसलं नाही तर तीन दिवस प्रत्येक जण वेगळ्या फूटपट्टीने मोजणार. टॉक फक्त १५ जणांचेच ठेवा, बाकीच्यांचं पोस्टर, आणि पोस्टरला जेवणाची वेळ नको, वेगळा दीड तास द्या.

ढगवेडी: हे पटलं. पण एआयवाले वेगळं सेशन मागतायत, त्यांचं काय करू?

नाउकास्टवाला: देऊ नका. पांगू-वेदर, ग्राफकास्ट ही एआय मॉडेल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली ती ईआरए५ वर (जगभरच्या मागच्या हवामानाचा डेटा) शिकून, त्याची ग्रिड साधारण ३१ किमीची, शिवाय सरासरी चूक कमी करायला शिकवलं की टोकाचा पाऊस गुळगुळीत होतो. म्हणजे अतिवृष्टीतच खरी परीक्षा. सगळ्यांना अतिवृष्टीची एकच घटना द्या आणि एआयवाल्यांनाही बाकीच्यांसोबत त्याच घटनेवर, त्याच स्कोअरवर बोलू द्या. आणि हँड्स-ऑन (स्वतः करून बघायचं सत्र) ठेवणार असाल तर डेटा आधीच उतरवून सगळ्यांना वाटा, आमच्या वेळी ३० जण एकदम डाउनलोडला बसले आणि सकाळ वाया गेली.

ढगवेडी: ठरलं मग, एकच घटना सगळ्यांना, व्हेरिफिकेशन पहिल्या सकाळी. आता फक्त २७ जणांना "तुमचं पोस्टर झालंय" हा मेल कोण लिहितंय ते सांगा 😅