बीटी कपाशीचे दोन अभ्यास, दोन उलट निष्कर्ष: शेतीशाळेत चर्चा कशी लावायची?

तापीकाठ_चोपडा
राम राम मंडळी. आमच्याकडे शेतीशाळेत बीटी कपाशीवर (जनुक बदलल्यामुळे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या कपाशीवर) खुली चर्चा ठरली आहे. एका गटाने 2012 चा अभ्यास पुढे केलाय: बीटीमुळे एकरी उत्पादन 24 टक्क्यांनी आणि नफा 50 टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटाकडे 2020 चा शोधनिबंध आहे. त्यात म्हटलंय की टिकून राहिलेल्या उत्पादनवाढीचं श्रेय बीटीला देता येत नाही, आणि कीटकनाशकांवरचा खर्च आता बीटी येण्याआधीपेक्षा जास्त आहे. दोन्ही नामांकित नियतकालिकांत छापलेले. व्हॉट्सॲपवर एकमेकांच्या शास्त्रज्ञांना ‘विकले गेलेले’ म्हणण्यापर्यंत मजल गेलीय. त्यात लवकर लागवड होऊ नये म्हणून बियाणे विक्रीला घातलेल्या तारखेच्या नियमाचा विषय निघाला की सगळंच भडकतं. काय तयारी करावी?

आकडेमोड
दादा, सगळ्यात आधी दोन्ही अभ्यास कोणत्या वर्षांचे आहेत ते फळ्यावर लिहा. निम्मं भांडण तिथेच शांत होतं.

2012 चा अभ्यास काथागे आणि कैम यांचा. 2002 ते 2008 या काळात महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूतल्या शेतकरी कुटुंबांकडे ते पुन्हा पुन्हा गेले. 2020 चा निबंध केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांचा. क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक. त्यांनी सुमारे वीस वर्षांचे राज्याराज्यांचे आकडे घेतले. मधल्या काळात काय झालं बघा: पहिल्या बीटीतल्या क्राय1एसी प्रथिनाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचं 2010 मध्ये गुजरातमधून जाहीर झालं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत बोलगार्ड-2 या पुढच्या बीटी वाणातलं क्राय2एबी हे दुसरं प्रथिनही तिच्यापुढे निष्प्रभ ठरलं. 2008 ला थांबलेल्या पाहणीत हे दिसणारच नव्हतं.

उलट बाजूही मांडा. राज्याच्या सरासरीत ठिबक, वाढलेली खतं, बियाण्याला लावलेलं इमिडाक्लोप्रिडसारखं औषध, पाऊस, सगळं मिसळलेलं असतं. एका शेतकऱ्याचं त्या हंगामात किती नुकसान टळलं हे त्यातून निघत नाही. एका अभ्यासाचा प्रश्न होता ‘त्या वर्षांत या शेतांवर काय फरक पडला’, दुसऱ्याचा ‘वीस वर्षांत देशाच्या पदरात काय पडलं’. दोघांपैकी एक खोटा असलाच पाहिजे असं नाही.

दुसरी गफलत एककाची. सरकारी आकडे हेक्टरी रुईचे (सरकी काढलेल्या कापसाचे) असतात, बांधावर आपण एकरी सरकीसकट कापूस बोलतो. 100 किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. म्हणजे हेक्टरी 500 किलो रुई म्हणजे हेक्टरी सुमारे 1,470 किलो कापूस, एकरी जवळपास 6 क्विंटल. हे गणित सुरुवातीलाच करून दाखवा. नाहीतर कुणीतरी उठून म्हणतो ‘आमच्याकडे एकरी बारा क्विंटल येतो, हे 500 कुठून आणलं?’ आणि सभा तिथेच संपते.

डोमकळी
‘बीटी पास की नापास’ हा प्रश्नच ठेवू नका, कोणत्या अळीवर ते विचारा. हिरव्या बोंडअळीवर आणि ठिपक्यांच्या अळीवर बीटी अजून काम करते. गुलाबीवर करत नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी ती कधी नव्हतीच. ‘बीटी असून फवारावं लागतं’ या तक्रारीतल्या बऱ्याच फवारण्या रसशोषक किडींच्या असतात.

पूर्वहंगामी_यावल
बियाणे विक्रीच्या तारखेच्या नियमावर लिहितो, कारण त्यात दोन्ही बाजूंचं शास्त्र खरं आहे आणि तेच कुणी समोरासमोर बोलत नाही.

नियमामागचं कारण असं: गुलाबी अळी सरकीत, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) ढिगात, जिनिंगच्या आवारात सुप्तावस्थेत राहते. मे-जूनमध्ये पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पाते (कळ्या) आणि फुले नसली तर मादीला अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी संपते. मेच्या मध्यावर ठिबकवर लावलेली कपाशी जूनअखेरीला पात्यावर येते, म्हणजे उशिरा निघालेल्या पतंगांना आयती जागा.

शेतकऱ्याचं म्हणणं: मे लागवडीचा कापूस ऑक्टोबरपर्यंत वेचून होतो, रान मोकळं होतं, हरभरा किंवा मका पेरता येतो. फरदड (मुख्य वेचणीनंतरही शेतात राखलेली कपाशी) राहत नाही. आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवलेली फरदडच अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसते.

एक बाजू साखळी सुरुवातीला तोडायला सांगते, दुसरी शेवटाला. माझं स्पष्ट मत: फरदडीवर गावाने एकमत केलं नाही तर फक्त बियाणे विक्रीची तारीख पाळून उपयोग नाही. आणि गावात चार शेतं मे लागवडीची व बाकीची जूनअखेरची असतील, तर लवकरच्या शेतात वाढलेली अळी पुढे सरकते आणि नुकसान उशिराच्या शेतकऱ्याचं होतं. म्हणून ज्यांची कोरडवाहू कपाशी आहे त्यांना आधी बोलू द्या.

तापीकाठ_चोपडा
हे उपयोगी आहे भाऊ, आभार. पण ‘कंपनीचा पैसा’ हा मुद्दा निघाला तर?

आकडेमोड
टाळू नका. पैसा कुणी दिला हे विचारणं रास्त आहे. फक्त त्यानंतर पद्धतही तपासायची, दोन्ही बाजूंची. बीटी वांग्याचं आठवा. ऑक्टोबर 2009 मध्ये जनुक बदललेल्या पिकांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या समितीने त्याला मंजुरी दिली, मग सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. आपल्याला जवळच्या म्हणजे नागपूर आणि अहमदाबाद. भरताच्या वांग्याच्या मुलखात, म्हणजे आपल्या खानदेशात, एकही नाही, ही खंत आहेच. 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती आली. त्याच वर्षी देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांनी वांग्याच्या बाजूने अहवाल दिला, पण त्यात दुसऱ्याच्या लेखातला मजकूर जसाच्या तसा सापडला. मग वांग्याच्या सुरक्षिततेवर बोलणं मागे पडलं आणि नकलेवरच चर्चा झाली. म्हणून तुमच्या सभेत कागद वाटणार असाल तर प्रत्येक आकड्यासमोर वर्ष, ठिकाण आणि एकक लिहा.

डोमकळी
आणि सभा हॉलमध्ये घेऊ नका, बांधावर घ्या. भाषणांआधी एका एकरातून वीस वेगवेगळ्या झाडांची एकेक हिरवी बोंडं तोडा, पंधरा-वीस दिवसांची, बोटाने दाबली तर किंचित दबणारी. बाहेरून निवडू नका, कारण गुलाबी अळी लहान असतानाच आत शिरते आणि भोक बुजून जातं. बोंड वरून निरोगीच दिसतं. चाकूने पाकळी-पाकळी उलगडा, सरकीपर्यंत. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर येतो, म्हणून ‘गुलाबी दिसत नाही’ म्हणून सोडू नका. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी म्हणजे 10 टक्के, आर्थिक नुकसानीची पातळी (इथून पुढे उपाय करणं परवडतं).

फुलं असतील तर डोमकळ्या मोजा. पाकळ्या रेशमाने शिवल्यासारख्या चिकटलेल्या, उमलत नाहीत, ओढून उघडल्या की आत अळी. कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) आठवडाभर आधी लावा, एकरी दोन, पिकाच्या साधारण फूटभर वर. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर तीही पातळी ओलांडली. ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) गुलाबी अळीचाच आहे ना ते पाकिटावर बघून घ्या. दुसऱ्या अळीचा ल्यूर लावला की सापळा रिकामा राहतो आणि ‘आमच्याकडे अळीच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

मे लागवडीचं एक आणि जून लागवडीचं एक अशी दोन शेतं घ्या. दोन्हींचे आकडे एकाच फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, मग माइक द्या.