गॅस गिझर सारखा ‘ई-१’ दाखवतो, सेन्सर बदलूनही जात नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गुहागरला आमच्या वाडीत दोन खोल्या पाहुण्यांना देतो. दोन्हींना मिळून एकच गॅस गिझर आहे, मागच्या पडवीत भिंतीवर. पंखा आणि आकड्यांचा पडदा असलेला, म्हणजे गॅसबरोबर वीजही लागते. पावसाळाभर बंद होता. दसऱ्याला चालू केला तर बटण दाबताक्षणी ‘ई-१’. पुस्तिकेत याचा अर्थ ‘पाण्याच्या तापमानाचा सेन्सर’ एवढाच दिलाय.

चिपळूणहून मेकॅनिक आला, सेन्सर बदलून गेला. दोन दिवस झकास चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हणतो पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड गेला, साडेचार हजार. तोवर सेन्सरच्या जागी रेझिस्टर (ठरावीक रोधाचा सुटा भाग) लावून देतो, गिझर चालेल. हे करू द्यावं का? दिवाळीचं बुकिंग तोंडावर आहे आणि आई सध्या नारळाची सोडणं पेटवून हंड्यात पाणी तापवतेय. पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटतं, आईला नाही.

खाडीकाठ: गाव समजला, पण घर समुद्रापासून किती लांब? आणि कोड लगेच येतो की पाणी तापल्यावर?

धागाकर्ता: लाटांचा आवाज खोलीत येतो इतकं जवळ. कोड लगेच, ज्योत पेटायच्या आधीच.

खाडीकाठ: मग पाणी जास्त तापल्याचा हा प्रकार नाही. आधी एक समजून घ्या. ‘सेन्सरचा कोड’ म्हणजे सेन्सर मेला असं बोर्ड सांगत नसतो. त्या वाटेने येणारा आकडा पटण्यासारखा नाही, एवढंच त्याला कळतं. आत थर्मिस्टर असतो, गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. वायर तुटली, पिन सुटली, की रोध अनंत. बोर्डाला वाटतं पाणी बर्फाहून थंड. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की उलटं, पाणी उकळतंय. दोन्ही अशक्य म्हणून तो गॅसच सोडत नाही.

सेन्सर बदलल्यावर दोन दिवस चालला, यातच उत्तर आहे. बदलताना कनेक्टर काढून पुन्हा खोचला, पिना घासल्या गेल्या, तात्पुरता जोड बसला. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कसं कळकतं? आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने पिनांचं तसंच होतं, त्यात चार महिने बंद आणि दमट. सेन्सर नवा आला, पण बोर्डाकडे जाणारी वायर आणि तिच्या टोकाच्या पिना जुन्याच राहिल्या.

वीज बंद, सिलिंडर बंद. मग झाकण काढा. सेन्सर सुटा करून मल्टिमीटरवर त्याचा रोध किलोओहममध्ये बघा. पुष्कळ सेन्सर २५ अंशांना १० किलोओहमचे असतात, काही ५० चे. आकड्यापेक्षा तो हलतो का ते महत्त्वाचं: टोक मुठीत धरा, मग गरम पाण्याच्या पेल्यात. आकडा सावकाश उतरला की सेन्सर ठीक. नंतर बोर्डाकडच्या टोकापासून तेच मोजा आणि वायर हलवत राहा. आकडा उडाला तर चोर सापडला.

वानरत्रस्त: रेझिस्टर अजिबात लावू देऊ नका! बोर्डाला कायम एकच तापमान दिसेल. पाणी कितीही तापलं तरी त्याला पत्ता नाही. आत जास्त तापल्यावर गॅस बंद करणारा वेगळा थर्मोस्टॅट असतो, पण एकट्या त्याच्या भरवशावर पाहुणे न्हाणीघरात पाठवायचे? आणि गिझर पडवीतच राहू दे, न्हाणीघरात नेऊ नका. एलपीजी गळला तर वास घातलेला असतो, कळतं तरी. गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही.

जाता जाता एक अवांतर प्रश्न: सिलिंडर घरगुती लाल की व्यावसायिक निळा?

धागाकर्ता: निळाच हो, १९ किलोचा. 🙂

मोजून आलो. सेन्सर ठणठणीत: मुठीत ९ वरून ७ वर आला, गरम पाण्यात ३ च्या खाली. बोर्डाकडच्या टोकाला मात्र वायर हलवली की मीटर कोरा. कनेक्टर उपसला तर एक पिन हिरवीगार, आणि वायर पिनेत जिथे दाबून बसवतात तिथे काळी पडून दोन-तीन तारांवर लोंबत होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासलं तरी ती पिन काही भरवशाची वाटेना.

खाडीकाठ: तिथे घासून उपयोग नाही. वायर मागे चकाकतं तांबं लागेपर्यंत कापा, नवा कनेक्टर दाबून बसवून घ्या, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल रोखणारं). खोबरेल नको, काही लोक तेही लावतात. आणि पुढच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी गिझर चालवा.

धागाकर्ता: बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने जोड करून दिला. चाळीस रुपये. आज पाचवा दिवस, दोन्ही खोल्या भरलेल्या, कोड नाही. मेकॅनिकला पीसीबी आणू नको म्हणून कळवलंय. हंडा आईने घासून माळ्यावर टाकला.