शेकडो बेअर मेटल सर्व्हर एकाच खेपेत उभे करायचे असतील तर व्यवस्था कशी असावी?

ऐरोलीकर_प्रणाली

नमस्कार. आमच्या संस्थेचा खासगी क्लाउड ऐरोलीतील एका डेटा सेंटरमध्ये आहे आणि आता तिथे एकेका खेपेत सुमारे ४०० बेअर मेटल (म्हणजे आभासी नव्हे, प्रत्यक्ष) सर्व्हर दाखल होणार आहेत. आजवर आम्ही पीएक्सईने नेटवर्क बूट करून किकस्टार्टच्या (लिनक्स आपोआप बसवणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने लिनक्स बसवत आलो आहोत आणि दहा-वीस यंत्रांपुरते ते व्यवस्थित चालते. परंतु अख्खा रॅक एकदम चालू केला, की काही यंत्रांना डीएचसीपीकडून (नेटवर्क पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळत नाही, काहींची रॅमडिस्क (मेमरीत चालणारी तात्पुरती प्रणाली) अर्ध्यावर उतरून थांबते, आणि कोणते यंत्र नेमके कुठे अडकले हे पाहण्यासाठी एकेकाचा कन्सोल उघडावा लागतो. प्रत्येक रॅकचे सबनेट वेगळे आहे आणि प्रत्येक सर्व्हरचे दोन पोर्ट एलएसीपीने (अनेक जोडण्या एक करणाऱ्या प्रोटोकॉलने) बांधलेले आहेत.

ही अडचण नेटवर्कची आहे की पद्धतीची, आणि एवढ्या संख्येसाठी आयर्निक, मॅस किंवा अन्य कोणते साधन घ्यावे, याबद्दल ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मत हवे आहे.

पोर्ट_आणि_पॅकेट

पत्ता न मिळण्याचे कारण मी आधी स्विचवर शोधेन, डीएचसीपी सर्व्हरवर नंतर. बूट होताना नेटवर्क कार्डाला एलएसीपी बोलता येत नाही, आणि समोरून एलएसीपीचे पॅकेट येईपर्यंत स्विच तो पोर्ट वापरात घेत नाही. यासाठी स्विचवर एलएसीपी फॉलबॅक असतो, म्हणजे ठरावीक मुदत वाट पाहून पोर्ट तसाच वापरात घेण्याची सोय. तुमच्याकडे काहीच यंत्रे अडतात, त्या अर्थी फॉलबॅक चालू असावा, पण त्याची मुदत फर्मवेअरच्या (यंत्रातच साठवलेल्या मूळ प्रोग्रामच्या) वाट पाहण्याच्या मुदतीहून लांब असावी; काही स्विचवर ती मुळातच ९० सेकंदांची असते. ती कमी करा. सर्व्हरकडचे सगळे पोर्ट एज पोर्ट (ज्यांच्यापुढे दुसरा स्विच नाही असे) म्हणून नोंदवलेले आहेत ना, हेही पाहा, कारण जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधील वेटोळी टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) पोर्ट जागा झाल्यावर १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात, आणि तेवढ्यात एखादे फर्मवेअर नेटवर्कचा नाद सोडून डिस्ककडे वळते.

रॅमडिस्क अर्ध्यावर थांबते, ते टीएफटीपी या फाइल पोचवणाऱ्या साध्या प्रोटोकॉलमुळे. या प्रोटोकॉलच्या मूळ रीतीप्रमाणे ५१२ बाइटांचा एक तुकडा जातो आणि त्याची पोच आल्याखेरीज पुढचा निघत नाही. ३०० एमबीची रॅमडिस्क धरली तर हे जवळजवळ ६ लाख तुकडे होतात. एका फेरीला १ मिलिसेकंद लागला आणि एकही पॅकेट हरवले नाही, तरी एका यंत्रामागे सुमारे १० मिनिटे जातात. शिवाय तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे ३२ एमबीनंतर तो पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो, आणि हे प्रत्येक फर्मवेअरला नीट जमतेच असे नाही. तुकड्याचा आकार वाढवता येतो, पण त्यात वेळ घालवू नये असे मला वाटते. टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई या बूट प्रोग्रामची लहानशी फाइल द्या आणि कर्नल, रॅमडिस्क व इमेज एचटीटीपीवरून द्या. यूईएफआय या फर्मवेअर-मानकाच्या २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फर्मवेअरमध्येच एचटीटीपी बूटची सोय आहे, त्यामुळे नव्या सर्व्हरांवर टीएफटीपी पूर्णपणे वगळता येईल. एकदा एचटीटीपीवर आलात की दर काही रॅकमागे साधा कॅशे सर्व्हर ठेवून भार वाटता येतो. टीएफटीपीत ती सोय नाही.

रॅक_ते_क्लाउड

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. साधनाविषयी लिहिण्याआधी नोंदीविषयी लिहितो, कारण ४०० यंत्रांच्या खेपेत बहुतेक वेळ तिथेच जातो.

पुरवठादाराकडून माल येण्याआधी एक यादी मागून घ्या: प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, बीएमसीचा (सर्व्हर दुरून हाताळण्यासाठी त्यातच बसवलेल्या छोट्या संगणकाचा) मॅक पत्ता आणि बीएमसीचा मूळ पासवर्ड. सरसकट एकच मूळ पासवर्ड देण्याविरुद्धचा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि आता बहुतेक मोठे उत्पादक प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देऊन तो खेचपट्टीवर किंवा चिकटपट्टीवर छापतात. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच झाले, परंतु यादी नसेल तर तुमच्या माणसाला टॉर्च घेऊन प्रत्येक रॅकपुढे उभे राहून तो वाचावा लागेल. यादी हाती असेल तर बीएमसीने डीएचसीपीकडे पत्ता मागताच मॅक जुळवून लॉगिन करता येते, पासवर्ड बदलता येतो आणि यंत्राची नोंद आपोआप होते. खरेदीच्या आदेशातच ही अट घाला. नंतर मागितलेली यादी क्वचितच वेळेवर येते.

दुसरी गोष्ट केबलांची. तपासणीच्या रॅमडिस्कने एलएलडीपी (शेजारच्या यंत्राची ओळख सांगणारा प्रोटोकॉल) ऐकले, की कोणते कार्ड कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला लागले आहे ते कळते. ते केबलांच्या आराखड्याशी यंत्रानेच ताडून पाहावे आणि न जुळणारा सर्व्हर पुढे जाऊच देऊ नये. अदलाबदल झालेल्या दोन केबला या टप्प्यावर पाच मिनिटांत सापडतात. त्याच केबला यंत्र वापरात गेल्यावर शोधायच्या म्हणजे भलत्याच व्हीलॅनमध्ये (आभासी उपनेटवर्कमध्ये) गेलेली रहदारी शोधत बसणे आले.

आता साधन. तुमचा क्लाउड ओपनस्टॅक या क्लाउड-प्रणालीवर असेल तर त्यातील आयर्निक घ्या. त्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण म्हणजे प्रत्येक यंत्राची अवस्था त्यात लिहिलेली असते: नोंदणी झाली, बीएमसी हाती आले, तपासणी झाली, सफाई चालू आहे, उपलब्ध आहे, वापरात आहे, किंवा अमुक टप्प्यावर अपयश आले. कन्सोल उघडून बसण्याची तुमची अडचण इथेच बरीचशी संपते. बीएमसीशी बोलण्यासाठी आयपीएमआय या जुन्या प्रोटोकॉलऐवजी रेडफिश वापरा. ते एचटीटीपीएसवर चालते, आणि आभासी माध्यमातून (बीएमसीने जोडलेल्या नकली सीडीतून) बूट करता येत असेल तर उभारणीच्या नेटवर्कवर डीएचसीपीची गरजही उरत नाही.

आकार वाढला की आयर्निकमध्येही काळजी घ्यावी लागते. कंडक्टर (यंत्रे हाताळणारी आयर्निकची सेवा) दर मिनिटाला प्रत्येक यंत्राच्या वीजस्थितीची विचारणा करतो, आणि बीएमसी हा फार संथ संगणक असतो. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत हजारो यंत्रे एकाच आयर्निकखाली आली तेव्हा नोव्हाला (ओपनस्टॅकच्या संगणन-सेवेला) सर्व यंत्रांच्या नोंदीची एक फेरी पुरी करायला तासन्‌तास लागू लागले, आणि त्यांनी यंत्रे कंडक्टर गटांमध्ये विभागून तो प्रश्न सोडवला. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच गट पाडा, शक्यतो डेटा हॉलनुसार.

ओपनस्टॅक नसेल तर मॅस शिकायला सोपे आहे. कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर) सर्व कारभार असेल तर मेटलक्यूब्ड पाहा. त्याच्या पोटात आयर्निकच आहे.

ऐरोलीकर_प्रणाली

दोघांचेही मनापासून आभार. फॉलबॅकची मुदत तपासली, ती खरोखरच ९० सेकंद आहे. एक उपप्रश्न विचारतो: आमच्याकडे यंत्रे एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे जातात. मधल्या सफाईत डिस्क पूर्ण पुसावी, की फक्त पार्टिशनची माहिती काढली तरी पुरेल? पूर्ण पुसण्यात यंत्र फार वेळ अडकून पडते.

सफाई_आधी

पार्टिशनची माहिती काढल्याने जुनी इमेज पुन्हा बूट होत नाही, एवढेच साधते. विदा (डेटा) तिथेच राहते. विभाग एकमेकांवर विश्वास ठेवणारे असतील तरच तेवढ्यावर थांबावे. पूर्ण पुसण्याचा हिशेब असा, की १६ टीबीच्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला २०० एमबी लिहिले तरी एका फेरीला २२ तास लागतात. म्हणून खरेदी करतानाच स्वतः कूटबद्धता करणाऱ्या डिस्क घ्या. त्यांतील किल्ली नष्ट केली की काही सेकंदांत सारी विदा वाचण्यापलीकडे जाते. एनव्हीएमई डिस्कलाही अशी आज्ञा आहे, फक्त तुमचे मॉडेल ती पाळते का ते आधी तपासा.

मला डिस्कपेक्षा फर्मवेअरची चिंता अधिक वाटते. इक्लिप्सियम या कंपनीने आयबीएमच्या सॉफ्टलेयर सेवेतून एक बेअर मेटल सर्व्हर घेतला, त्याच्या बीएमसी फर्मवेअरमध्ये एक बिट बदलला, एक जादा वापरकर्ता तयार केला आणि सर्व्हर परत केला. तोच सर्व्हर पुन्हा हाती आला तेव्हा तो वापरकर्ता काढलेला होता, पण फर्मवेअरमधला बदल जसाच्या तसा होता. त्यानंतर आयबीएमने प्रत्येक सर्व्हर पुढच्या ग्राहकाला देण्याआधी बीएमसीचे फर्मवेअर नव्याने लिहिणे सक्तीचे केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध क्लाउडबोर्न या नावाने ओळखला जातो आणि बेअर मेटल चालवणाऱ्या प्रत्येकाने तो मुळातून वाचावा.

त्यामुळे तुमच्या सफाईत डिस्कबरोबर बीएमसी व बायोसचे फर्मवेअर ठरलेल्या आवृत्तीवर पुन्हा लिहिणे, बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणणे आणि बीएमसीचा पासवर्ड बदलणे हे टप्पे असावेत. बीएमसीचे नेटवर्क वापरकर्त्यांच्या नेटवर्कपासून वेगळे असतेच, पण सर्व्हरच्या आतून, त्यावर रूट अधिकार असलेल्या माणसाला बीएमसीकडे जाण्याची वाट उघडी असते हे अनेकदा विसरले जाते. उत्पादकाने सोय दिली असेल तर ती वाट बंद करा, आणि नसेल तर असे मॉडेल वेगवेगळ्या मालकांमध्ये फिरवू नका.